एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर (२० मे, १८५१:हानोफर, जर्मनी - ३ ऑगस्ट, १९२९:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन संशोधक आणि उद्योजक होते. सपाट तबकडीवर ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत आणि ती तबकडी वाजवणारा ग्रामोफोन यांचे जनक म्हणून ते ओळखले जातात. टेलिफोनच्या प्रेषकात त्यांनी केलेली सुधारणाही महत्त्वाची मानली जाते.

बर्लिनर यांचे पहिले ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत आणि आवाजाच्या दृष्टीने ते त्या काळच्या फोनोग्राफपेक्षा कमी प्रतीचे होते. मात्र त्यांची रचना अतिशय साधी होती. फिरती थाळी, सुई, सुई धरणारा दांडा आणि कर्णा हे भाग एकमेकांपासून वेगळे असल्याने पुढील काळात प्रत्येक भागात स्वतंत्रपणे सुधारणा होऊ शकली. आजचा टर्नटेबल हा या रचनेचाच वारसा आहे. ज्या अमेरिकेत हा शोध लागला, तेथे मात्र १९०० साली बर्लिनर यांना स्वतःच्या यंत्राची विक्री थांबवावी लागली.

सुरुवातीचे जीवन

बर्लिनर यांचा जन्म हानोफर शहरातील एका ज्यू कुटुंबात झाला. सॅम्युएल आणि सारा बर्लिनर यांच्या तेरा अपत्यांपैकी ते एक होते. वडील व्यापारी व ज्यू धर्मग्रंथांचे अभ्यासक होते, तर आईला संगीताची आवड होती. वोल्फेनब्यूटल येथील शाळेतील शिक्षण त्यांनी चौदाव्या वर्षी पूर्ण केले. कुटुंब मोठे असल्याने पुढील शिक्षण न घेता त्यांना कामाला लागावे लागले. काही काळ त्यांनी छापखान्यात आणि नंतर कापडाच्या दुकानात नोकरी केली.

१८६६ मध्ये हानोफरचे राज्य प्रशियात विलीन झाले. १८७० साली, फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्धाच्या सुमारास, बर्लिनर अमेरिकेला गेले. वॉशिंग्टन येथे कुटुंबाच्या एका परिचिताच्या दुकानात त्यांना कारकुनाची नोकरी मिळाली. काही वर्षांनी ते न्यू यॉर्कला गेले. तेथे दिवसा मिळेल ते काम करून रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये ते भौतिकशास्त्राचा अभ्यास करीत. विद्युतशास्त्र व ध्वनिशास्त्र या विषयांचे त्यांचे ज्ञान बहुतांशी अशा स्वाध्यायातून आलेले होते. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

टेलिफोनचा प्रेषक

१८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील शतसांवत्सरिक प्रदर्शनात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन लोकांसमोर आला. त्याच वर्षी बर्लिनर वॉशिंग्टनला परतले होते. बेल यांच्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच विद्युतप्रवाह निर्माण होत असे, त्यामुळे तो क्षीण असे आणि दूरपर्यंत नीट ऐकू जात नसे. तारयंत्राची कळ घट्ट दाबली की संपर्क वाढतो व जास्त प्रवाह वाहतो, ही गोष्ट बर्लिनर यांना एका तारयंत्रचालकाकडून समजली. यावरून विद्युतघटाचा प्रवाह आधीपासून चालू ठेवून आवाजाने केवळ संपर्काचा दाब कमीजास्त करावा, ही कल्पना त्यांना सुचली. साबणाचे एक लाकडी खोके, लोखंडाचा पातळ पत्रा आणि पोलादी बटण अशा सामान्य वस्तूंपासून त्यांनी आपला प्रेषक तयार केला.

एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी या शोधाची पूर्वसूचना पेटंट कार्यालयात दाखल केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढील वर्षी बेल यांच्या कंपनीने त्यांना नोकरीवर घेतले व या शोधाचे हक्क मिळवले. प्रत्यक्ष पेटंट मात्र नोव्हेंबर १८९१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी मंजूर झाले. या विलंबाचा फायदा कंपनीला मिळतो, या कारणावरून अमेरिकन सरकारने पेटंट रद्द करण्यासाठी दावा लावला. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. कार्बनच्या प्रेषकाचे श्रेय बर्लिनर यांचे की थॉमस एडिसन यांचे, हा वाद पुढेही न्यायालयांत चालू राहिला.

१८८१ मध्ये बर्लिनर यांनी कोरा अ‍ॅडलर यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. बंधू जोसेफ यांच्यासह त्यांनी हानोफरमध्ये टेलिफोनचा कारखाना सुरू केला. १८८४ च्या सुमारास बेल कंपनीची नोकरी सोडून ते वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्रपणे संशोधन करू लागले.

ग्रामोफोनचा शोध

एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला होता. त्यात दंडगोलावर सुई खालीवर हालत कमीजास्त खोलीचा चर कोरत असे. हा चर उथळ असल्याने सुईला धरून ठेवू शकत नसे. त्यामुळे सुई पुढे सरकवण्यासाठी आटे असलेल्या स्क्रूची वेगळी योजना करावी लागे. शिवाय एका दंडगोलावरून अनेक प्रती काढण्याचा सोपा मार्ग त्या काळी नव्हता. अधिक प्रती हव्या असल्यास गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे.

बर्लिनर यांनी वेगळी दिशा घेतली. फ्रान्समधील लेओं स्कॉट यांनी १८५७ मध्ये बनवलेल्या फोनोटोग्राफ या यंत्रात काजळी लावलेल्या पृष्ठभागावर ध्वनीची नागमोडी रेषा उमटत असे, पण ती पुन्हा ऐकता येत नसे. अशी रेषा धातूत कोरून काढली तर ती वाजवता येईल, असे बर्लिनर यांचे अनुमान होते. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांना ग्रामोफोनचे पहिले पेटंट मिळाले. लवकरच दंडगोलाचा विचार सोडून त्यांनी सपाट तबकडी स्वीकारली.

जस्ताच्या गुळगुळीत तबकडीवर ते मधमाशांच्या मेणाचा अतिशय पातळ थर देत. सुई डावीउजवीकडे हालत त्या थरात रेषा ओढत असे आणि त्यानंतर तबकडी आम्लात ठेवली की उघड्या पडलेल्या रेषेपुरते जस्त झिजून चर तयार होई. या चराची खोली सर्वत्र जवळपास सारखी असे व ध्वनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या वळणांत साठवलेला असे. १६ मे १८८८ रोजी बर्लिनर यांनी फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये या पद्धतीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

या रचनेचे दोन मोठे फायदे होते. पहिला म्हणजे, चराच्या भिंती सुईला धरून ठेवत व त्याच तिला तबकडीच्या कडेकडून मध्याकडे नेत, त्यामुळे स्क्रूची गरज उरली नाही व यंत्र स्वस्त झाले. दुसरा म्हणजे, मूळ तबकडीवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून उलटा साचा काढता येत असे आणि त्या साच्याने पाहिजे तितक्या प्रती दाबून काढता येत. छापखान्यात एका ठशावरून अनेक प्रती काढाव्यात तसाच हा प्रकार होता. गाण्याची प्रत स्वस्त झाली ती या साच्यामुळे.

सुईला चरच पुढे नेतो, या तत्त्वाचा समावेश असलेले पेटंट बर्लिनर यांना १८९५ मध्ये मिळाले. पुढे ते तबकडी उद्योगातील सर्वांत महत्त्वाच्या पेटंटांपैकी एक ठरले.

स्वस्त यंत्र आणि त्याच्या मर्यादा

व्यापारी स्वरूपातील पहिले ग्रामोफोन जर्मनीत तयार झाले. वाल्टर्सहाउझेन येथील केमर उंड राइनहार्ट या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १८८९ च्या सुमारास त्यांचे उत्पादन सुरू केले. त्यांच्या तबकड्या सुमारे पाच इंच व्यासाच्या होत्या. अमेरिकेत बर्लिनर यांनी युनायटेड स्टेट्स ग्रामोफोन कंपनी स्थापन केली आणि १८९४ मध्ये सात इंची तबकड्यांची विक्री सुरू झाली. अशी तबकडी सुमारे दोन मिनिटे वाजत असे.

सुरुवातीच्या तबकड्या कठीण रबराच्या होत्या. साच्याखाली दाबताना त्यांच्यावर काही ठिकाणी चर नीट उमटत नसे. १८९५ च्या सुमारास बर्लिनर यांनी बटणे तयार करणाऱ्या एका कंपनीचे मिश्रण वापरून पाहिले. लाखेपासून मिळणारे शेलॅक, खनिजांची भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी यांचे हे मिश्रण उष्णतेने मऊ होई आणि थंड झाल्यावर कडक होऊन चराचा बारीकसारीक आकार टिकवून ठेवी. यातील लाख मुख्यत्वे भारतातून जात असे. पुढील सुमारे पन्नास वर्षे तबकड्या याच प्रकारच्या मिश्रणातून बनत राहिल्या.

यंत्राचा सर्वांत मोठा दोष त्याच्या गतीत होता. मिनिटाला सुमारे सत्तर फेरे होतील अशा बेताने थाळी हाताने फिरवावी लागे. हात जलद फिरला की स्वर चढे, मंद झाला की उतरे. स्थिर षड्ज ज्यावर टिकत नाही असे यंत्र संगीत ऐकण्यासाठी उपयोगी नव्हते, त्यामुळे अनेकांनी त्याला खेळण्यापेक्षा अधिक महत्त्व दिले नाही.

स्प्रिंगची मोटर

१८९५ मध्ये फिलाडेल्फियातील गुंतवणूकदारांच्या मदतीने बर्लिनर ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. थाळी एकसारख्या गतीने फिरवण्यासाठी स्वस्त मोटर हवी होती. विजेची मोटर महाग पडे व तिला विद्युतघट लागत. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे यंत्रदुरुस्तीचा कारखाना चालवणारे एल्ड्रिज जॉन्सन यांच्याकडे हे काम आले. १८९६ मध्ये जॉन्सन यांनी घड्याळाप्रमाणे चावी द्यायची आणि गतिनियंत्रक असलेली स्प्रिंगची मोटर सुधारून दिली. अल्फ्रेड क्लार्क यांच्यासह त्यांनी सुईची कंपने ग्रहण करणारा साउंडबॉक्सही सुधारला.

या मोटरसह आलेले यंत्र पंचवीस डॉलरला विकले जाऊ लागले. त्याच्यासाठी तबकडीत कोणताही बदल करावा लागला नाही. आधीच्या ग्राहकांच्या घरातील तबकड्या नव्या यंत्रावर अधिक चांगल्या वाजू लागल्या. फ्रान्सिस बॅरॉड यांच्या प्रसिद्ध चित्रात निपर हा कुत्रा ज्या यंत्रासमोर बसलेला दिसतो, ते याच प्रकारचे आहे. मूळ चित्रात दंडगोलाचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना चित्रकाराने त्या जागी ग्रामोफोन रंगवून दिला. जुलै १९०० मध्ये बर्लिनर यांनी हे चित्र अमेरिकेत व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले.

युरोपातील विस्तार

१८९७ मध्ये विल्यम बॅरी ओवेन यांना इंग्लंडला पाठवण्यात आले आणि १८९८ मध्ये लंडन येथे ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. बर्लिनर यांच्याकडे तयार झालेले फ्रेड गेसबर्ग हे तिचे ध्वनिमुद्रक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमिल व जोसेफ बर्लिनर यांनी हानोफर येथे डॉईचे ग्रामोफोन ही कंपनी सुरू केली. युरोप व आशियासाठीच्या तबकड्या सुरुवातीला हानोफरच्या कारखान्यातच दाबल्या जात.

अमेरिकेतील बंदी

१८९६ मध्ये बर्लिनर यांच्या कंपनीने न्यू यॉर्कचे जाहिरात व्यावसायिक फ्रँक सीमन यांच्याशी पंधरा वर्षांचा करार केला होता. त्यानुसार अमेरिकेतील विक्रीचा एकाधिकार सीमन यांच्याकडे होता. सीमन यांच्या जाहिरातींमुळे खप वाढला, परंतु यंत्रांची किंमत व नफ्याचा वाटा यांवरून मतभेद होऊ लागले. दंडगोलांच्या व्यवसायातील अमेरिकन ग्राफोफोन कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावल्यावर प्रकरण अधिक चिघळले. सीमन यांनी झोनोफोन नावाचे स्वतंत्र यंत्र बाजारात आणले आणि मे १९०० मध्ये प्रतिपक्षाशी तडजोड करून ग्रामोफोनमुळे त्यांच्या पेटंटचा भंग होतो, हे मान्य केले. बर्लिनर यांनी सीमन यांना माल देणे बंद केले. त्यावर विक्रीच्या कराराचा आधार घेऊन सीमन न्यायालयात गेले आणि जून १९०० मध्ये बर्लिनर यांना अमेरिकेत ग्रामोफोन विकण्यास मनाई करण्यात आली.

बर्लिनर यांच्याकडे पेटंटे होती, पण बाजारपेठ उरली नाही. त्यांनी आपले लक्ष कॅनडातील माँट्रियल येथील व्यवसायाकडे वळवले. मोटर व यंत्रे तयार करणारे जॉन्सन यांच्याकडे कारखाना होता, पण ग्राहक नव्हता, म्हणून ते स्वतःच विक्रीत उतरले. ३ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांनी व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी स्थापन केली. बर्लिनर यांच्या पेटंटांचा लाभ या कंपनीला मिळाला आणि त्याबदल्यात बर्लिनर यांच्या बाजूला तिच्यात वाटा देण्यात आला. अमेरिकेतील यंत्रांवरून मात्र बर्लिनर हे नाव नाहीसे झाले.

१९०९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लीड्स अँड कॅटलिन विरुद्ध व्हिक्टर या खटल्यात बर्लिनर यांचे १८९५ चे पेटंट उचलून धरले. व्हिक्टरच्या यंत्रांवर वाजतील अशा तबकड्या दुसऱ्या कंपनीने विकणे ही केवळ सुट्या भागाची बदली आहे की पेटंटचा भंग, असा प्रश्न त्यात होता. तबकडी आणि सुई मिळून एकच कार्य करतात, त्यामुळे हा पेटंटचा भंग ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला.

टोनआर्म

बर्लिनर यांच्या मूळ यंत्रात कर्णा थेट साउंडबॉक्सला जोडलेला असे. तबकडीवरून सरकताना सुईला साउंडबॉक्सबरोबर कर्ण्याचाही भार ओढावा लागे. कर्णा मोठा केला तर आवाज वाढे, पण तबकडीही लवकर झिजे. जॉन्सन यांनी कर्णा एका स्थिर आधारावर बसवला आणि साउंडबॉक्सपासून कर्ण्यापर्यंत क्रमाने रुंद होत जाणारी पोकळ नळी बसवली. ही नळी सांध्यावर फिरत असल्याने सुईवर केवळ साउंडबॉक्स व नळी यांचाच भार राहिला. १९०३ च्या सुमारास व्हिक्टरच्या यंत्रांवर आलेल्या या भागाला टोनआर्म असे नाव मिळाले. नळीतून आवाज जात नसला, तरी विद्युत यंत्रांतही हे नाव कायम राहिले.

भारत आणि महाराष्ट्र

१९०२ च्या अखेरीस फ्रेड गेसबर्ग कोलकात्याला आले. तेथे त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. मुद्रणे हानोफरला पाठवून त्यांच्या तबकड्या तेथून भारतात येत. १९०८ मध्ये कोलकात्यात तबकड्यांचा कारखाना सुरू झाल्यावर हा प्रवास थांबला. महाराष्ट्रात अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांसारख्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ख्याल व नाट्यसंगीत मैफलीच्या आणि नाट्यगृहाच्या बाहेर पोहोचले. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांचीच असल्याने तासभर रंगणारा राग गायकांना थोडक्यात बांधावा लागे.

सार्वजनिक आरोग्य आणि इतर कार्य

१९०० मध्ये बर्लिनर यांची लहान मुलगी अ‍ॅलिस पोटाच्या विकाराने गंभीर आजारी पडली. दूषित दुधामुळे बालकांना होणाऱ्या रोगांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले आणि दूध पाश्चरीकृत करूनच विकले जावे यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रचार केला. मुलांना स्वच्छतेच्या सवयी लागाव्यात म्हणून त्यांनी १९१९ मध्ये बालकवितांचे एक पुस्तकही प्रकाशित केले. स्त्री संशोधकांसाठी त्यांनी १९०८ मध्ये आपल्या आईच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली.

विमानविद्येतही त्यांना रस होता. वजनाने हलके इंजिन वापरून सरळ वर उडणारे यंत्र तयार करण्याचे प्रयोग त्यांनी १९०७ च्या सुमारास सुरू केले. त्यांचे पुत्र हेन्री यांनी हे काम पुढे नेले आणि १९२२ मध्ये मेरीलंड राज्यातील कॉलेज पार्क येथे आपल्या हेलिकॉप्टरचे प्रात्यक्षिक दाखवले. सभागृहातील प्रतिध्वनी कमी करणाऱ्या फरशांवरही एमिल बर्लिनर यांनी १९२० च्या दशकात काम केले.

पुरस्कार

फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने बर्लिनर यांना १८९७ मध्ये जॉन स्कॉट पदक, १९१३ मध्ये इलियट क्रेसन पदक आणि १९२९ मध्ये फ्रँकलिन पदक दिले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.

मृत्यू

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या ७८ व्या वर्षी हृदयविकाराने बर्लिनर यांचे निधन झाले. आपल्या अंत्यसंस्कारावर मोठा खर्च करू नये, त्याऐवजी लहान मुले असलेल्या गरीब मातांना काही रक्कम द्यावी आणि अ‍ॅलिसने पियानोवर बेथोवेन यांच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग वाजवावा, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले. त्याच वर्षी एडिसन यांच्या कंपनीने दंडगोल व तबकड्या यांचे उत्पादन बंद केले.

वारसा

बर्लिनर यांच्यानंतर तबकडी शेलॅकऐवजी विनाइलची झाली, १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस एकाच चरात दोन बाजूंचा स्टिरिओ ध्वनी साठवला जाऊ लागला. साउंडबॉक्सच्या जागी कंपनांचे विजेत रूपांतर करणारे कार्ट्रिज आले. जुन्या यंत्रात सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असे आणि पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे. आजच्या टोनआर्मच्या मागील वजनाने हा भार साधारणतः दोन ग्रॅमच्या आसपास आणता येतो.

मोजक्या पैशांत टर्नटेबल सुधारणे शक्य होते, त्याचे कारणही मूळ रचनेतच आहे. झिजलेली सुई किंवा कार्ट्रिज बदलणे, टोनआर्मचा तोल व कार्ट्रिजचा कोन अचूक लावणे, सैल झालेला पट्टा बदलून थाळीची गती स्थिर करणे, ही कामे एकेक करून करता येतात. त्यासाठी संपूर्ण यंत्र किंवा घरातील तबकड्या बदलाव्या लागत नाहीत. गती, सुईवरील भार आणि आवाज हे तीन प्रश्न बर्लिनर यांच्या हाताने फिरवायच्या यंत्रातही होते. जॉन्सन यांनी ते मोटर, टोनआर्म आणि साउंडबॉक्स असे एकेका भागाने सोडवले. दोन्ही बाजूंनी सुईला धरून ठेवणारा आणि आतल्या दिशेने नेणारा बर्लिनर यांचा चर मात्र आजही कायम आहे.